चानकी, ताक आणि कण्या : सातारा-सांगलीच्या कुत्र्यांचे अन्न आणि नाजूक पोटाचा प्रश्न

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कुत्र्याने पिढ्यान्‌पिढ्या काय खाल्ले, हे मुख्यतः पावसाने ठरवले. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोच पाऊस पूर्वेकडे सरकत माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ व जत या तालुक्यांत पोचेपर्यंत जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. त्यामुळे पश्चिमेला भात आणि नाचणी, मधल्या कृष्णाकाठी ज्वारी, भुईमूग आणि पुढे ऊस, तर पूर्वेला बाजरी आणि रब्बीची ज्वारी, अशी पिकांची जी वाटणी झाली तीच माणसाच्या ताटाची आणि त्या ताटातून उरणाऱ्या कुत्र्याच्या घासाचीही वाटणी ठरली. कुत्र्यासाठी अन्न ‘निवडणे’ ही कल्पना या प्रदेशात अगदी अलीकडची आहे. ज्याला आज पशुवैद्य ‘नाजूक पोट’ म्हणतात, म्हणजे ठरावीक असा मोठा आजार नसताना अन्नातील थोड्याशा बदलानेही ज्या कुत्र्याला ढाळ लागतात, उलट्या होतात किंवा पोटात वायू धरतो, त्या कुत्र्याचा स्वतंत्र विचार करण्याची सोय जुन्या घरात नव्हती. तरीही त्या घराने जे अन्न नकळत घडवले, त्यात आजच्या निवडीला उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे, आणि स्पष्टपणे टाकून द्यावे असेही काही आहे.

माणदेशातील धनगराच्या वाड्यापासून या इतिहासाची सुरुवात करणे योग्य ठरते, कारण तेथे कुत्रा हा शोभेचा किंवा दयेचा विषय नसून कळपाचा राखणदार होता. वाडा म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा मेंढरांसह फिरणारा तळ. पावसाळ्यानंतर हे वाडे चराईसाठी गाव सोडत, काही कृष्णाकाठाकडे तर काही घाट उतरून कोकणाकडे जात, आणि पाऊस जवळ आला की परत फिरत. या वाटेवर लांडग्याचे भय कायमचे असे आणि रात्री वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती उभारलेल्या जाळ्यात, कळप कोंडल्यावर त्याच्या भोवतीने कुत्री जागत. त्यांच्या अन्नाचा उगम समजण्यासाठी ‘मेंढरे बसवणे’ हा व्यवहार समजून घ्यावा लागतो. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरांचा कळप रात्रभर बसवला की लेंडी आणि मूत यांचे उत्तम खत जमिनीला मिळते, आणि त्याचा मोबदला म्हणून शेतकरी मेंढपाळाला धान्य देई. पुढे हा मोबदला रोख पैशांतही मिळू लागला. मोबदल्यात आलेली ज्वारी-बाजरी जात्यावर दळली जाई, तीन दगडांच्या चुलीवर तिच्या भाकरी होत आणि माणसांच्या भाकरींबरोबर कुत्र्यांच्या भाकरीही त्याच तव्यावर भाजल्या जात. म्हणजे मेंढराने दिलेल्या खताचे धान्य झाले आणि त्या धान्याचा एक वाटा मेंढरे राखणाऱ्याकडे परत आला. कुत्र्याच्या अन्नाची इतकी नेटकी व्यवस्था राजदरबारातही क्वचितच आढळेल.

मांसाचे स्थान या आहारात लहान होते. मेंढरू हे धनगराचे भांडवल असल्यामुळे ते नित्य कापले जात नसे. जत्रेचे, लग्नाचे किंवा बिरोबाच्या यात्रेचे निमित्त असले तर हाडे, आतडी आणि फुफ्फुसे कुत्र्यांकडे जात, शिवाय वाटेत मेलेले मेंढरूही त्यांच्या वाट्याला येई. या सवयीची एक बाजू घातक होती आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. मेंढराच्या यकृतात व फुफ्फुसात पाण्याच्या फोडांसारख्या ज्या पुटकुळ्या दिसतात त्या एका फीतकृमीच्या अळ्यांच्या असतात. ते अवयव कुत्र्याने कच्चे खाल्ले की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून चराऊ रानात पडतात आणि तेथून ती पुन्हा मेंढराच्या, तसेच माणसाच्याही पोटात जातात. कुत्रा, मेंढरू आणि माणूस एकाच तळावर राहत असल्यामुळे हे चक्र सहज पुरे होई. जुन्या आहाराचा अभिमान बाळगणाऱ्याने हा भागही तितक्याच स्पष्टपणे पाहिला पाहिजे.

कोयनेच्या आणि उरमोडीच्या खोऱ्यांत चित्र वेगळे होते. तेथील डांगे धनगर मेंढरांऐवजी म्हशी पाळत आणि डोंगरावरून लोणी-तूप खाली बाजारात नेत. लोणी काढल्यावर उरणारे ताक विकले जात नसे, ते घरात राही. नाचणीची भाकरी ताकात कुस्करून केलेला काला हे माणसाचे अन्न होते आणि तोच पातळ करून परळात, म्हणजे मातीच्या उथळ पसरट भांड्यात, कुत्र्यासाठी ओतला जाई. दूध आणि ताक यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. पिल्लाच्या आतड्यात दुधातील साखर फोडणारा पाचकरस भरपूर असतो, परंतु अंगावरून तुटल्यावर तो कमी होत जातो आणि पुष्कळ प्रौढ कुत्र्यांत इतका थोडा उरतो की वाटीभर दुधानेही हगवण लागावी. विरजणातील जिवाणू या साखरेचा काही भाग आंबवून टाकतात, घुसळल्याने स्निग्धांश निघून जातो आणि पाणी घातल्याने उरलेली साखरही विरळ होते. ताक कुत्र्याला सोसते असे जे डोंगरात गृहीत धरले गेले त्यामागे ही तीन कारणे होती. ज्या घरात लोणी-तूप विकून टाकण्याची गरज होती त्या घराने गरिबीपोटी कुत्र्याला ताक दिले, आणि तेच त्याच्या पोटाला अधिक मानवले.

मराठीत कुत्र्याच्या पोटात खीर टिकत नाही अशा आशयाची म्हण आहे. ती सहसा माणसाच्या उथळपणाबद्दल वापरली जाते, पण तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण शब्दशः खरे आहे, कारण खिरीत दूध, साखर आणि तूप हे तिन्ही एकत्र येतात. याच्या अगदी उलट टोकाला नामदेवांची कथा आहे: कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भक्तिपरंपरेने कुत्र्याच्या घासाला तूप लावले आणि लोकव्यवहाराने त्याच्या पोटाची मर्यादा ओळखली. दोन्ही गोष्टी एकाच भाषेत शेजारीशेजारी नांदल्या. आजच्या पशुवैद्यकाच्या दृष्टीने पाहता म्हणीची बाजू बळकट आहे, कारण एकदम पोटात गेलेला स्निग्ध पदार्थ हा कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज आणणाऱ्या कारणांपैकी एक मानला जातो. मात्र कथेतील मायाही खोटी नाही, आणि आजारी कुत्र्याला मालक जे नको ते खाऊ घालतो ते बहुधा त्याच मायेने.

गावातील घरांत कुत्र्याचा घास विधीनेही ठरवलेला होता. वैश्वदेवानंतर आणि श्राद्धाच्या दिवशी गाय, कावळा व कुत्रा यांच्यासाठी वेगळा भाग काढला जाई. त्यापलीकडे रोजच्या स्वयंपाकात परातीत शेवटी उरलेल्या पिठाची लहानशी भाकरी थापली जाई, तिला अनेक घरांत ‘चानकी’ म्हणतात, आणि ती लहान मुलाच्या हातात किंवा दारच्या कुत्र्यापुढे पडे. या औदार्याचे वर्णन करताना एक गोष्ट विसरता येत नाही: कुत्र्याचा घास ज्या गावात धर्माने राखून ठेवला होता, त्याच गावात माणसांच्या एका वर्गाला दिवसभराच्या राबणुकीबद्दल उरलीसुरली शिळी भाकरी दिली जात होती. दोन्ही घासांच्या मागे एकच समाजरचना होती.

कृष्णाकाठच्या औदुंबरला ज्या दत्ताची उपासना होते त्याच्या पायाशी चार कुत्री दाखवतात, आणि तारळी नदीच्या काठी कऱ्हाड तालुक्यात असलेल्या पालीला खंडोबाचे मोठे ठाणे आहे, जेथे पौष महिन्यात खंडोबा आणि म्हाळसा यांच्या लग्नाची यात्रा भरते. खंडोबाच्या उपासनेत कुत्रा हा देवाचा सोबती असून त्याच्या भक्तांना ‘वाघ्या’ म्हणतात; कोटंब्यातून, म्हणजे भिक्षेच्या पात्रातून, कुत्र्याप्रमाणे प्रसाद खाण्याचा आचारही या वाघ्यांमध्ये होता. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीच्या दिवशी, बाजरीचे रोडगे आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य होतो आणि त्यातला वाटा कुत्र्याला दिला जातो. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी, कांदा व लसूण या दिवशी पुन्हा घरात येतात, त्यामुळे भरितात कांदा, विशेषतः पातीचा कांदा, हमखास असतो. नेमका हाच कांदा कुत्र्याला अपायकारक आहे: कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि प्रमाण वाढले तर पंडुरोग होतो, शिजवल्याने हा दोष जात नाही. वर्षातून एकदा मिळणाऱ्या घासभर भरिताने मोठे कुत्रे सहसा आजारी पडत नसे, म्हणून हा दोष शतकानुशतके लक्षात आला नसावा. रोज मसाल्याची आमटी कालवून देणाऱ्या घराची गोष्ट मात्र वेगळी आहे.

राजघराण्यांकडे वळल्यावर अन्नाविषयीची माहिती तुलनेने तोकडी होते, मात्र मानमरातबाची माहिती वाढते. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य या प्रदेशावर असताना तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये सारमेयविनोद, म्हणजे शिकारी कुत्र्यांचा खेळ, याला स्वतंत्र जागा दिली आहे. साताऱ्याच्या गादीवर १७०८ ते १७४९ या काळात असलेल्या छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची हकीकत ग्रँट डफने आपल्या १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे: वाघाच्या शिकारीत महाराजांचा जीव वाचवल्याबद्दल या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान सनदेने मिळाला होता. स्थानिक परंपरा त्याचे नाव खंड्या असे सांगते आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथे त्याची समाधी दाखवली जाते. जहागीर म्हणजे ज्याच्या नावे ती आहे त्याच्या उदरनिर्वाहासाठी तोडून दिलेला महसूल. या अर्थाने पाहिले तर सातारा प्रांतात एका कुत्र्याच्या पोटाची तरतूद सरकारी दप्तरातून झाली होती, हे ग्रँट डफने लहर म्हणून सांगितले असले तरी त्यातली कृतज्ञता खरी आहे.

सांगलीच्या पूर्वेला, आजच्या कर्नाटकातील मुधोळ संस्थानात, राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या सडपातळ शिकारी कुत्र्यांची पैदास जाणीवपूर्वक वाढवली आणि त्यांची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. महाराष्ट्राच्या बाजूला ‘कारवान’ म्हणून ओळखला जाणारा हा कुत्रा जत आणि आटपाडीच्या माळावर सशामागे धावताना दिसे, आणि भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये काढलेल्या देशी कुत्र्यांच्या चार तिकिटांत मुधोळचाही समावेश केला. लांब पायांचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा हा कुत्रा खेड्यांतील घरी ज्वारी किंवा मक्याच्या पिठावर, दुधा-ताकावर आणि मधूनमधून मिळणाऱ्या मांसावर वाढला. त्याच्या बरगड्या दिसणे ही उपासमारीची खूण नसून जातीची ठेवण आहे. शहरात नेल्यावर त्याला ‘भरवून’ गुबगुबीत करण्याचा जो आग्रह धरला जातो तो त्याच्या पोटालाही मानवत नाही आणि सांध्यांनाही.

धान्यावर वाढलेला कुत्रा हा केवळ नाइलाजाचा परिणाम होता काय, या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की स्वादुपिंडातून पिष्टपाचक रस तयार करवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ पासून ३० पर्यंत आढळतात. म्हणजे माणसाच्या शेतीबरोबर कुत्र्याचे आतडेही शेतकरी झाले. त्यामुळे भाकरी हे कुत्र्याचे अन्नच नव्हे असे जे आज काही ठिकाणी ठासून सांगितले जाते ते टिकत नाही. अट एवढीच की पिष्ट नीट शिजलेले हवे. ज्वारीची भाकरी उकळत्या पाण्यात पीठ मळून भाजली जाते, आणि कण्या, म्हणजे ज्वारी भरडून पाण्यात मऊ शिजवलेले भरडे, तर त्याहून हलक्या असतात. आंबिलीत पीठ ताकात आंबवून शिजवले जाते. आजारातून उठलेल्या माणसाला या भागात कण्या किंवा आंबील देत, आणि दारच्या कुत्र्यालाही तेच मिळे. केवळ भाकरीवर कुत्र्याला पुरेशी प्रथिने व चुना मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे. मोकळा फिरणारा कुत्रा उंदीर, घूस आणि मेलेले जनावर खाऊन ती उणीव भरून काढी, बांधलेल्या कुत्र्याला ती सोय नाही.

‘पूर्वीच्या कुत्र्यांना काही होत नसे’ हे विधान माणदेशात आजही ऐकू येते. त्यात तथ्य अर्धेच आहे. ज्या पिल्लाचे पोट नाजूक होते ते पहिल्याच पावसाळ्यात मरत असे आणि मेलेल्या पिल्लाची आठवण कोणी ठेवत नसे, म्हणून स्मरणात फक्त दणकट कुत्री उरली. परंतु उरलेला अर्धा भाग अधिक लक्ष देण्याजोगा आहे: वर्षभर एकच अन्न, एकाच वेळी, एकाच चवीचे मिळत असल्यामुळे आतड्यातील जिवाणूंची वस्ती स्थिर राही. १९७२ च्या दुष्काळात माणसांनाही परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी खावी लागली तेव्हा अन्न एकाएकी बदलले, एरवी बाजरीनंतर ज्वारी आणि ज्वारीनंतर बाजरी एवढाच फेर होता. नव्या अन्नाकडे वळताना आठवडाभर जुन्यात थोडे-थोडे नवे मिसळत जावे, हा आजच्या पशुवैद्यांचा पहिला नियम या ऋतुचक्रात आपोआप पाळला जाई, कारण कणगीतील जुने धान्य संपत असतानाच नवे येत असे.

तयार अन्नाचा इतिहास परका आहे. जेम्स स्प्रॅट याने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये गहू, भाज्या आणि मांस यांची कुत्र्यांसाठीची बिस्किटे विकायला काढली. आजारानुसार अन्न ही कल्पना अमेरिकेत डॉ. मार्क मॉरिस यांनी एका अंध गृहस्थाच्या वाटाड्या कुत्र्याच्या मूत्रपिंडविकारासाठी तयार केलेल्या आहारातून पुढे आली आणि १९४८ मध्ये ते अन्न कारखान्यात बनू लागले. सातारा-सांगलीच्या दुकानांत अशा पिशव्या दिसू लागल्या त्या उदारीकरणानंतरच्या काळात. त्याच्या थोडे आधी, १९८८ मध्ये, सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाने पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि मुंबईच्या परळ येथे १८८६ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयापर्यंत न जाता पशुवैद्यकाचे शिक्षण या प्रदेशातच मिळू लागले.

पिशवीवरील ‘नाजूक पोटासाठी कोकराचे मांस आणि भात’ ही जुळणी कोठून आली हे समजून घेण्यासारखे आहे. कुत्र्याला खरेखुरे अन्नाचे वावडे असते ते बहुधा प्रथिनांचे, आणि त्यांत गोमांस, दूध, कोंबडी व गहू यांची नावे सर्वांत अधिक येतात. पाश्चात्त्य देशांत कुत्री गोमांस आणि कोंबडीवर वाढत असल्यामुळे मेंढीचे मांस हे त्यांच्या शरीराला अनोळखी होते, आणि ज्याची ओळखच नाही त्याचे वावडेही नसते, एवढाच त्या निवडीमागचा तर्क होता. मेंढीच्या मांसात स्वतःहून औषधी असे काही नाही. धनगराच्या वाड्यावर वाढलेल्या कुत्र्याला मेंढरू जन्मापासून ओळखीचे आहे; त्याच्यासाठी अनोळखी प्रथिन शोधायचे तर ते अंडे किंवा कृष्णेतील मासा असू शकेल. म्हणजे आहाराची निवड पिशवीवरून नव्हे, तर त्या विशिष्ट कुत्र्याने, आणि त्याच्या घराने, आजवर काय खाल्ले यावरून करावी लागते.

गेल्या काही दशकांत टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी पूर्वेकडे चढले, आटपाडीत डाळिंब आणि तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्ष स्थिरावले, आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. द्राक्षे व बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात हे पशुवैद्यकाला या शतकाच्या उंबरठ्यावरच कळले. दोष बहुधा टार्टरिक आम्लाचा असावा असे आता मानले जाते. जेथे बेदाण्याची शेड आणि राखणीचा कुत्रा एकाच आवारात असतात, तेथे ही माहिती घरोघर पोचणे निकडीचे आहे. साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीचे भडंग आणि चहात बुडवलेले बिस्कीट यांमुळे घरातील कुत्र्याच्या दिवसभराच्या अन्नात आज जितके प्रकार येतात, तितके जुन्या वाड्यावरच्या कुत्र्याने वर्षभरातही पाहिले नसतील.

म्हणून पोट बिघडलेल्या कुत्र्यासाठी पशुवैद्य जो पारखीचा आहार सुचवतात, म्हणजे काही आठवडे एकच धान्य आणि एकच अनोळखी प्रथिन, मीठ-मसाला नाही, मधले खाणे नाही, तो या प्रदेशाला परका वाटण्याचे कारण नाही. मऊ कण्या, त्यात उकडलेले अंडे, आणि दुधाचे वावडे नाही असे दिसल्यावर पुढे थोडे पातळ ताक, एवढ्यावर ही पारख सुरू होऊ शकते, आणि विष्ठा बांधून येऊ लागली की एकेक जुना पदार्थ परत देऊन कोणता सोसत नाही ते पाहता येते. या काळात चंपाषष्ठी आली तर कुत्र्यापुढे ठेवायचा रोडगा भरीत कालवण्यापूर्वीच बाजूला काढावा लागतो.